गुरुवारच्या बुटांतली ती बाई

हार्लेम, ३ मार्च १९३८

लिअँडर,

वर 'प्रिय' नाही, हे दिसलं असेलच. विसरले नाही, गाळलंय.

तुझं ओहायोहून टाकलेलं पत्र मिळालं. सोबतची रेकॉर्डही मिळाली. इतकी जपून गुंडाळली होतीस की एक टवकासुद्धा उडालेला नाही. एवढं जपणं तुला कधी जमायला लागलं? 'गुरुवारचे बूट'. नाव छान आहे. ठळक अक्षरांत थर्स्टन पीलचा बँड आणि खाली बारीक अक्षरांत टेनर सॅक्सोफोनवर तू. बायकोला दाखवायला पाठवलीस की सगळ्यांच्या बायकांना एकेक गेली?

कपाटावर ठेवली आहे, टोपीच्या खोक्याखाली. ऐकलेली नाही.

तू विचारतोस, 'ऐकून सांग, पावलं बसतात का.' काय रे, हे आता विचारतोस? पाच वर्षं तुझ्या एकेका गाण्याची लय या स्वयंपाकघरात ठरली. मी टेबल भिंतीला लावायचे, तू इथल्याच न्हाणीच्या टबवरच्या फळीवर बसून वाजवायचास आणि मी नाचायचे. पील स्वतः जिना चढून यायचा. म्हणायचा, 'मोझेलला धाप लागली तर गाणं पळतंय, आणि मोझेल गुणगुणायला लागली तर झोपलंय.' बँडमधल्या कुणी कधी घड्याळ बघितलं नाही, माझे पाय बघितले. मग शिकागोत रेकॉर्ड करताना गाण्याची लय कुणी ठरवली? तिथे कुणाची धाप ऐकलीत?

हे आधी कळव. मग ऐकायचं की नाही ते मी बघेन.

माझं उत्तम चाललंय. घोटा केव्हाच बरा झाला. लाँड्रीत दिवसभर उभी राहते, काही वाटत नाही. दर गुरुवारी मॅग्नोलियाच्या नाचघरात असते. गुरुवारी बायकांना अजून तिकीट नाही, त्यामुळे त्या दिवशी सुट्टी असलेल्या शहरातल्या सगळ्या मोलकरणी एप्रन फेकून तिथे हजर. आपला पट्टीच्या नाचणाऱ्यांचा कोपरा तसाच आहे. पिजन अजून नाचात माझाच जोडीदार आहे आणि अजून फेंगड्या पायांनीच चालतो. मागच्या गुरुवारी लोक बाजूला सरले आणि आम्हा दोघांना मधे जागा करून दिली. तुझी आठवण कुणी काढली नाही.

तुझा करडा सूट मी देऊन टाकलेला नाही. टाकणार होते.

मोझेल


१४ मार्च

लिअँडर,

ऐकली. मी लावली नाही, कानावर पडली. यात फरक आहे.

मिस ओडेसाच्या दुकानात मासे घ्यायला गेले होते. तिने आता कोपऱ्यात नाणं टाकून वाजवायचं यंत्र ठेवलंय, त्यामुळे मासे करपतात. कुणीतरी नाणं टाकलं आणि तू सुरू झालास. तिसऱ्या टेबलावरची जोडपी उठली. दाराशी उभा असलेला बर्फवाला तिथल्या तिथे बर्फ ठेवून नाचायला लागला. मिस ओडेसा झारा आपटत मला म्हणते, 'अगं मोझेल, काय वाजवलंय तुझ्या नवऱ्याने. माझ्या दुखऱ्या गुडघ्यालासुद्धा उठावंसं वाटतंय.'

मी म्हटलं, 'गुडघ्याला म्हणावं, खाली बस.'

पिजन तिथेच होता. बटाट्याची कोशिंबीर खात होता आणि दात काढत होता. 'बाई, तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात की माशात जास्त पडल्यात?'

झोंबल्या. सांगून टाकते. कारण गाणं चांगलं आहे. लय अशी नेमकी आहे की उभ्या माणसाला बसवत नाही आणि नाचणाऱ्याला दमवत नाही. वाईट असतं तर मी तुला चार ओळींचं गोड पत्र लिहिलं असतं.

पण मला बहिरी समजू नकोस. रेकॉर्डच्या एका बाजूवर मिनिटं तीन. पीलची सगळी मंडळी दाराशी घरमालक उभा असल्यासारखी घाईत वाजवतात. मधे तू एकट्याने वाजवायला उठतोस. दोन वेळा सुरांवरून धावतोस आणि मग थांबतोस. श्वास धरून. त्या जागेत कुणीतरी पाय उडवतंय, लिअँडर. एकदा छोटा, दुसऱ्यांदा छोटा, तिसऱ्यांदा मोठा. आणि ती पाय खाली टेकवते तेव्हा तू पुन्हा सुरू होतोस.

समोर पाय असल्याशिवाय सॅक्सोफोनवाला अशी जागा सोडत नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. मॅग्नोलियात तू पीलशी भांडून डावीकडची दुसरी खुर्ची मिळवली होतीस, का? तिथून आपला कोपरा दिसायचा म्हणून. तू माझ्या पायांकडे बघून वाजवायचास आणि मी तुझ्या खांद्यांकडे बघून नाचायचे, आणि लोक विचारायचे की यांचं आधी ठरलेलं असतं का. काहीच ठरलेलं नसायचं.

तेव्हा आता सांग, कोण आहे ती?

व्हर्लीन नाही, एवढं मला कळतं. तुमच्या त्या गाणारीला उंच टाचांवर धड उभं राहता येत नाही, पडू नये म्हणून मायक्रोफोन धरते. ही नाचणारी आहे, आणि चांगली नाचते, तेच तर पोटात दुखतंय. पण आळशी आहे. तिसऱ्या वेळी पाय उचलायला उशीर करते. आणि मिरवणारी आहे, गरजेपेक्षा उंच उडवते. तू तिच्यासाठी थांबतोस म्हणून तिचं खपतंय. दुसऱ्या कुणाच्या बँडपुढे अशी उशिरा आली असती तर तोंडावर आपटली असती.

नाव काय तिचं?

मोझेल


२५ मार्च

लिअँडर,

तुझं उत्तर वाचलं. मोठ्याने वाचलं, म्हणजे भिंतींनाही कळू दे.

'मोझेल, तिथे कुणी बाई नव्हती. खोलीत आम्ही सगळे पुरुष होतो आणि एक बंद पंखा होता, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्डमध्ये येतो. मी डोळे मिटून वाजवलं.'

डोळे मिटून. हे तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस का? उघड्या डोळ्यांपुढची बाई संध्याकाळ झाली की आपल्या घरी जाते. मिटलेल्या डोळ्यांतली कुठे जाते, ते सांग. खोलीत नव्हती म्हणजे तू तिला बरोबर घेऊन फिरतोस. बसमध्ये, खानावळीत, कॅन्सस सिटीच्या त्या ढेकणांच्या पलंगावरही. माझ्या आधीची आहे की नंतरची, एवढंच आता विचारायचं राहिलं.

आणि पुढे लिहितोस, 'तूच मला जा म्हणाली होतीस.'

म्हणाले होते. ऑक्टोबरात नाचताना पिजनने मला पाठीवरून फेकलं आणि मी आले ती डाव्या घोट्यावर. आठवड्याने तुमची बस निघायची होती. पाय प्लास्टरमध्ये, मी खिडकीशी, आणि तू टोपी हातात घेऊन विचारतोस, 'जाऊ का?' मी म्हटलं, 'जा.' मग तू गेलास.

अरे, जा म्हटलं म्हणून कुणी जातं का?

मला वाटलं होतं तू टोपी खुंटीला लावशील. जिन्यावर तुझी पावलं ऐकली तेव्हासुद्धा वाटलं, आता वळेल. खाली दार वाजलं. नंतर मिस ओडेसा सूप घेऊन आली आणि म्हणाली, 'पुरुषमाणसाला बायको नाचत नसली की घर लहान वाटतं.' मी तिच्यावर ओरडले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. नाचती होते तोवर बायको होते, प्लास्टर चढलं आणि तुला रस्ता दिसला. आणि आता रस्त्यावर तुला दुसरी नाचती मिळाली.

मॅग्नोलियाच्या भिंतीवर कागद लागलाय. रविवार, २४ एप्रिल. एका मंचावर टिब्सचा बँड, समोरच्या मंचावर थर्स्टन पीलचा. इतक्या वेळा बघितलंस, तुला सांगायला नको. निकाल कुणी वाचून दाखवत नाही. कोपऱ्यातली मंडळी ज्या मंचापुढे जाऊन उभी राहतात तो बँड जिंकतो, आणि कोपरा माझ्यामागे येतो. अजूनही येतो.

मी टिब्सच्या मंचाखाली उभी राहणार आहे. तुझ्याकडे पाठ करून. तू डावीकडच्या दुसऱ्या खुर्चीवरून माझी वेणी बघ आणि त्या बाईसाठी हव्या तेवढ्या जागा सोड.

आणि त्या रविवारनंतर तुझा करडा सूट न्यायला ये. पीलकडे निरोप नको, स्वतः ये. किल्ली मिस ओडेसाकडे देऊन जा.

मोझेल


१० एप्रिल, रविवार

लिअँडर,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीच्या दोन्हींत खोटं लिहिलं होतं.

तुझं मधलं पत्र आलं. एकच ओळ. 'सूट न्यायला येईन, पण आधी रेकॉर्डवर नाचून बघ.' मला इतका राग आला की मी रेकॉर्ड फोडायलाच खाली काढली होती. मग म्हटलं, फोडायच्या आधी बाई कोण ते तर कळू दे. चेहरा नसला तरी पायांवरून बाई ओळखता येते. या शहरात चांगलं नाचणाऱ्या बायका मला पायांवरून ठाऊक आहेत. शिकागोची असली तरी कुणाचं बघून शिकली ते कळेल. तिने पावलं टाकली तिथे आपण टाकायची, की ती अंगात येते.

आज चर्चमधून आले. हातातलं झावळ्यांच्या रविवारचं ताडाचं पान खिडकीत ठेवलं, चांगले बूट काढले, गुरुवारचे घातले. ते घालायला मला बराच वेळ लागला, त्याचं पुढे सांगते. टेबल भिंतीला लावलं. तबकडी लावली.

पहिला भाग कुणालाही जमेल असा आहे. मग तू उठलास. पहिली धाव, मी हात सोडून लांब गेले. दुसरी धाव, वळून आले. मग तू थांबलास. एक छोटा, उजवा. एक छोटा, डावा. आता मोठा. मॅग्नोलियातली प्रत्येक पोरगी इथे उजवा पाय उडवते, कारण पाळी त्याचीच असते, आणि उजव्याला उशीर होण्याचं कारण नाही. म्हणून मी मुद्दाम उजवा उचलला. तुझ्या जागेत तो आधीच खाली आला. बसला नाही. पुन्हा सुई मागे नेली, पुन्हा उजवा. पुन्हा लवकर. ती उजवा उडवतच नव्हती. ती भार बदलून पुन्हा डावा उडवत होती, आणि भार बदलायला वेळ लागतो म्हणून तिला उशीर होत होता.

पुन्हा डावा कोण उडवतं, लिअँडर?

सॅव्हानाला आत्याच्या स्वयंपाकघरात शिकलेली पोरगी उडवते. तिथे चूल उजव्या हाताला होती आणि जागा एवढीशी. उजवा पाय उडवला की नडगी भाजायची. मी तुला तो डाग आपल्या पहिल्या उन्हाळ्यात दाखवला होता.

मला कळायच्या आधी पायाला कळलं. डावा उडाला, गरजेपेक्षा उंच, जुन्या सवयीने. खाली आला तेव्हा घोट्याने मला धरलं नाही. मी टबवर जाऊन आदळले. तुझ्या फळीवर. तिथे बसून राहिले आणि तबकडी पुढे वाजत राहिली, आणि तू तिच्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी, पुन्हा सुरू झालास, जणू मी व्यवस्थित उतरले होते.

मला आनंद व्हायला हवा होता ना? पिजनला सांगितलं तर तो म्हणाला, 'झालं तर मग. सवत नाहीच. मिठाई काढ.'

त्याला काय कळतंय. सवत आहे. आळशी, मिरवणारी, उंच पाय उडवणारी. तिचा घोटा धड आहे. ती तुझ्याबरोबर बसमध्ये बसून देशभर फिरली आणि मी इथे इस्त्री करत होते. तुझे डोळे मिटले की ती नाचते. आणि उद्या तू दार उघडून आत आलास की तुला तिच्याऐवजी मी दिसेन.

तेव्हा आता खरं. घोटा वाकडा जुळला. जिना एकेक पायरी उतरते. लाँड्रीत त्यांनी मला स्टूल दिलंय. ऑक्टोबरपासून आजपर्यंत मी एकदाही नाचले नव्हते. गुरुवारी मॅग्नोलियात जाते, ते खोटं नाही, पण भिंतीच्या बाकावर बसते आणि लोकांचे कोट सांभाळते. लोक बाजूला सरले होते, पण पिजन आणि एका नव्या मुलीसाठी. त्या मुलीचं नाव मी अजून विचारलेलं नाही, तिचाही मला राग येतो. तुला कळवलं नाही, कारण तुला कळलं तर तू कीव करून परत येशील, आणि नाही कळलं तर कदाचित आपणहून येशील, असं वाटायचं.

कोपरा माझ्यामागे येतो की नाही, मला आता माहीत नाही.

मी चोविसाव्या वर्षीच्या मोझेलवर जळते. हसू नकोस. तिचं जे काही आहे ते सगळं तू शिकागोला नेऊन मेणाच्या तबकडीवर कोरून आणलंस, आणि आता ते देशभरच्या दुकानांत नाणं टाकलं की वाजतं. माझं काय आहे तुझ्याकडे?

चोवीस तारखेच्या रविवारी मी टिब्सच्या नाही, तुझ्या मंचाखाली उभी राहीन, डाव्या बाजूला. ते गाणं वाजवणारच असाल. माझं एकच मागणं आहे, आणि ते पीलला आवडणार नाही. डोळे मिटू नकोस. खाली बघ, आणि मग वाजव.

मोझेल


२५ एप्रिल, सोमवार सकाळ
स्वयंपाकघरातलं टेबल

लिअँडर,

तू झोपला आहेस आणि मला लाँड्रीत जायचंय, म्हणून लिहून ठेवते. इतकी पत्रं लिहिली की तू समोर असून तोंडाने बोलायची सवयच गेली.

तुम्ही हरलात, हे रात्रीच कळलं असेल. पण तू मंचावर होतास, खालून कसं दिसलं ते मी सांगते.

पीलने गाणं सुरू केलं तेव्हा सगळा हॉल तुमच्याकडे वळला होता. टिब्सच्या मंचापुढे फक्त दोघं उभी होती, आणि त्यातल्या एकाच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणून. मग तू उठलास. पहिली धाव रेकॉर्डसारखी. दुसरी रेकॉर्डसारखी. पिजनने माझा हात धरला होता, मी म्हटलं होतं फक्त धर, फेकू नकोस. तो म्हणाला, 'बाई, तू जमिनीवर राहणार असशील तर मी करू काय?' मी म्हटलं, 'उभा राहा.' एक छोटा. एक छोटा.

आणि तू खाली बघितलंस.

मोठा पाय मी उडवला नाही. डावा मागून पुढे घासत आणला, सावकाश, कारण तो सावकाशच येतो. तू थांबलास. मी अजून आणत होते. तू अजून थांबलास. ड्रमवाला तुझ्याकडे बघायला लागला, पीलचा हात हवेत राहिला, मागून कुणीतरी ओरडलं, 'विसरला.' लोक हसले. व्हर्लीनसुद्धा हसली, ते मी बघून ठेवलंय. जेवढ्या वेळात माणूस एक जिना उतरेल तेवढा वेळ तू सॅक्सोफोन तोंडाशी धरून गप्प होतास, भरल्या मॅग्नोलियात, टिब्सच्या समोर. मग माझा पाय टेकला आणि तू वाजवलंस.

ते रेकॉर्डवर नाही. ते जाडं, खालच्या पट्टीतलं, कुणी न ऐकलेलं काहीतरी होतं. कोपऱ्यातल्या चारपाच जणांना कळलं, मिस ओडेसाला कळलं, ती रडायला लागली आणि म्हणाली की मिरची गेली डोळ्यांत. बाकीचा हॉल तोवर टिब्सकडे गेला होता.

पील जिन्यात तुला काय म्हणाला ते मी ऐकलं. पुढच्या गावात जे रेकॉर्डवर आहे तेच वाजवायचं, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला. त्याचं चुकत नाही. लोक ते ऐकायला येतात. त्या बाईला बघायला येतात.

तिचा मला अजूनही राग येतो, हे आधीच सांगून ठेवते. कमी झालाय, गेला नाही. रस्त्यावर तिला नाचवायचं असेल तर नाचव, पोटासाठी लागतं. या घरात मात्र तिची तबकडी लावायची नाही. ती पुन्हा टोपीच्या खोक्याखाली ठेवली आहे.

बस उद्या सकाळी निघते असं पिजन म्हणत होता. करडा सूट झाडून खुर्चीवर टाकलाय, म्हणजे जायला किंवा राहायला, दोन्हीला चालेल. कॉफी चुलीवर आहे. टेबल मी भिंतीला लावूनच ठेवलंय.

संध्याकाळी तू विचारशील, 'जाऊ का?' तुझी सवय मला ठाऊक आहे.

या वेळी मी 'जा' म्हणणार नाही.

तुझी,
मोझेल